चार बोटांचं अंतर

"हा ठोकळा आधी चुलीत घाल! सगळं याच्यामुळं झालं!" दाजी ओरडले.

"ठोकळ्याला काय बोलता? लावला कुणी? तुम्हीच ना?" ड्रायव्हर टेम्पोच्या बाजूनं उडी मारत म्हणाला.

"लावला मी, पण बनवला कुणी? तुझ्या बापानं!"

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. टेम्पो उतारावर उभा केला की मला चाकामागं लावतात. आणि आत्ता मला या दोघांच्या पायावर पडावंसं वाटतंय. पाया पडायला नाही, बोटं ठेचायला. मूर्ख कुठले! तिकडं काय झालंय ते बघा आधी.

ड्रायव्हरचा बाप सुतार. एका मोडक्या चौकटीतून त्यानं मला कापलं. एक बाजू तिरकी केली, चाक टेकायला. खाली जुन्या टायरचा तुकडा ठोकला. पोरगा म्हणाला, "एवढ्याशा लाकडाला रबर कशाला?"

म्हातारा म्हणाला, "अरे शहाण्या, उतारावर गाडीचं वजनच गाडीला खाली ओढतं. ते काय तुझं ऐकणारे? याचा पाय रोवला तरच ती थांबेल. नुसतं लाकूड घसरतं. रबर रस्ता धरून ठेवतं."

आठ वर्षं मी लोकांच्या घरसामानाचा भार अडवला. कौतुक? नाव काढू नका. गाडी हलली नाही की ड्रायव्हर हुशार. हलली की ठोकळा नालायक.

माझं रबर झिजून गुळगुळीत झालं. ड्रायव्हरची थोरली बहीण, म्हणजे दाजींची बायको, सगळे तिला ताई म्हणतात. काचसामान तीच गुंडाळते. तिनं दहादा सांगितलं, "अरे, याला नवं रबर मार." हा म्हणाला, "उद्या." तो उद्या अजून उगवतोय.

दाजींची अक्कल तर विचारूच नका. गाडीचा भार आला की मी घट्ट अडकतो, मग काढताना वाकावं लागतं. दाजींना वाकायचा कंटाळा! म्हणून ते मला चाकापासून चार बोटं लांब ठेवतात. का, तर नंतर पायानं उडवता येतो.

चार बोटं म्हणजे काही नाही, असं वाटतं ना? चाकाला टेकलेलो असतो तेव्हा गाडीला निघूच देत नाही मी. पण चार बोटं मोकळी मिळाली की ती निघते, आणि निघालेली गाडी अडवणं म्हणजे पळत्या बैलाला शेपटीनं धरणं.

आज तेच झालं. वर टेम्पोत हे दोघं आरशाचं कपाट गदागदा हलवत होते. ढिला हँडब्रेक सुटला. चाक आलं आणि माझ्यावर आदळलं. मी घसरलो, हातभर फरफटत गेलो. मग फरशीच्या फटीत माझा कोपरा अडकला आणि गाडी थांबली. पण आतलं कपाट कुठं थांबायला! ते तसंच मागं सरकलं, बाहेर कललं आणि दोरीला लटकलं. आरसा फुटला.

आणि हे दोघं आरशावरून भांडतायत. ताई टेम्पोच्या मागं अडकलीय रे! पाठीला भिंत, एका बाजूला फाटकाचा खांब, दुसऱ्या बाजूला ते लटकतं कपाट, आणि समोर वीतभर अंतरावर टेम्पो. ती अंग चोरून भिंतीला चिकटली होती. माझ्या अंगात चीर जात होती. मी ओरडून काय उपयोग? लाकूड ते.

शेवटी तिचाच आवाज आला. "तुमचं भांडण उरकलं की सांगा. मी इथंच आहे."

दोघं गर्रकन वळले.

"तू... तू घरात होतीस ना?" दाजी म्हणाले.

"अहो, विचारताय काय? काढा मला!"

दाजी धावले. दोन विटा आणल्या, पालथे झोपले आणि दुसऱ्या चाकाला चिकटवून ठोकल्या. एका बोटाचंही अंतर नाही. बघा, येतं की सगळं! मग दोघांनी कपाट उचललं. गाडी हलली, माझ्यातून कर्र आवाज आला. पण धरलं मी. ताई कपाटाखालून रांगत बाहेर आली.

दाजी म्हणाले, "बस जरा. बाकीचं सामान मग..."

"सामान थांबेल," ती म्हणाली. मग भावाकडं वळली. "गाडी थांबत नसते. तू रबर मारलं नाहीस, यांनी अंतर ठेवलं, आणि मी गाढव, उताराच्या बाजूला उभी राहिले."

मित्रांनो, मी विनंती-बिनंती करणार नाही. सरळ सांगतो. मला चाकाला चिकटवून लावा, रबर झिजलं की बदला, आणि उतारावरच्या गाडीच्या मागं उभं राहू नका. दर वेळी फरशीला फट नसते.

ड्रायव्हर चावी लावतोय, गाडी पुढं घ्यायला. क्लच सोडताना ती आधी बोटभर मागं यायला बघते. तेवढं धरायचंय. चाललो.