माझ्या ठिपक्यांची नक्कल

मित्रांनो, मी जिंतूरच्या एका झेरॉक्सच्या दुकानातला जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे. माझ्या पिना शाईच्या रिबिनीवर टकाटक आपटतात आणि कागदावर ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं उमटतात. दुकानाचे मालक सिताराम माझ्यावर लोकांचे अर्ज नि करारनामे छापायचे. माझी करकर ऐकली, की लोकांना काम पक्कं झाल्यासारखं वाटे. सिताराम गेले, त्यांची मुलगी दीपिका दुकान बघू लागली. बिनआवाजाचा नवा प्रिंटर आला आणि मी फळीवर धूळ खात पडलो.

एके दिवशी दीपिकाच्या संगणकावर मला हुबेहूब माझ्यासारखी अक्षरं दिसली. बारीक चौकोन जोडून तिनंच ती बनवली होती. कुणाच्या टी-शर्टवर, कुणाच्या मोबाइल गेमच्या स्पर्धेच्या फलकावर ती छापायची. “जुनं दिसतंय, म्हणून लोकांना लय आवडायलंय,” असं म्हणायची. मला मात्र संशय आला. माझा चेहरा उचलून ही पोरगी करणार तरी काय?

मग एका सोमवारी जवळच्या गावचा भुजंग एका पिवळट कागदाची झेरॉक्स काढायला आला. त्याच्या मागोमाग त्याच्याच गावची कासाबाई आली. तिच्या शेळ्यामेंढ्या कोंडायच्या वाडग्याची जागा तिच्या मयत नवऱ्यानं, मल्हारनं, वीस वर्षांपूर्वी भुजंगला लिहून दिली, असं त्या कागदात होतं.

“मला इचारल्याबिगर त्यानं कुणाला कोकरू दिलं न्हाई, जागा कशी देईल?” कासाबाई म्हणाली.

“दीपिका, तुझ्या बापानंच छापलाय हा कागद. त्या फळीवरच्या मशीनवर. अक्षरं बघ की!” भुजंग म्हणाला.

मी हादरलो. असा कागद मी कधीच छापला नव्हता. पण सांगणार कसं? दीपिकाही यात सामील असेल का?

दीपिकाचा चेहरा उतरला होता. तिनं मला खाली काढलं, धूळ पुसली, वायरी जोडल्या. कितीतरी वर्षांनी मी करकरत एक ओळ छापली. फिकट आली, पण आली. तिनं तो नि भुजंगचा, असे दोन्ही कागद कासाबाईच्या हाती दिले.

“मावशी, उलटे करून बोट फिरवा.”

“ह्यो नवा खरखरीत लागायलाय. भुजंगचा गुळगुळीत हाय.”

“बाबांच्या मशीनच्या पिना कागदाला टोचतात, ठिपके गोल येतात. या कागदावरचे चौकोनी हायेत.” दीपिकानं संगणकाकडं बोट दाखवलं. “ती अक्षरं माझी हायेत, मावशी. गेल्या महिन्यात भुजंगकाकांनी गमतीची पत्रिका करायची म्हणून पेनड्राइव्हवर नेली. कशाला पाहिजेत, मी नीट इचारलंच न्हाई.”

भुजंगनं कागद ओढायला हात घातला. कासाबाईनं मूठ सोडली नाही. “आता ह्यो पंचायतीत दाखविते,” ती म्हणाली. भुजंग तावातावानं निघून गेला.

मग ती दीपिकाकडं वळली. “खरं बोललीस, बाई. पर तुजा भरवसा यायला मला दिवस लागतील.”

दुसऱ्या दिवशी दीपिका तिच्यासोबत गावी गेली आणि सगळ्यांसमोर स्वतःची चूक सांगून आली. वाडगं कासाबाईचंच राहिलं.

मित्रांनो, मीही दीपिकावर संशय घेतला होता. तिनं मात्र स्वतःची चूक उघडपणे कबूल केली. तुम्हीसुद्धा जुनाट दिसण्याला भुलू नका, चार प्रश्न विचारा. आणि घरात माझ्यासारखं एखादं यंत्र पडून असेल, तर अधूनमधून ते चालवून बघा. कुणाच्या तरी हक्काची साक्ष अजून त्याच्यात शिल्लक असेल.