नऊ आकडे

मी कोपऱ्यातला कॉम्प्युटर बोलतोय. हो, तोच, ज्याच्यावर टॉवेल टाकलाय. टॉवेल धुळीसाठी नाही. तो का टाकलाय तेच सांगायचंय.

कारखान्यात मी कधी तयार झालो ते मला आठवत नाही. समज आली तेव्हा मी एका दातांच्या दवाखान्यात होतो. चार वर्षं तिथे काढली. आलेला प्रत्येक माणूस तोंड उघडायचा, आणि कुणाचा कुठला दात किडलाय ते माझ्या पोटात लिहिलं जायचं. पण कुणाच्या दाताची गोष्ट मी बाहेर नेली नाही. तेव्हा मला वाटायचं, हा माझा चांगुलपणा. आता कळतं, तेव्हा तसं कुणी करायला लावलं नव्हतं, एवढंच.

दवाखान्यात नवा कॉम्प्युटर आला आणि मला चिमीच्या बाबांनी घरी आणलं. ते कवळ्या बनवतात, त्या डॉक्टरांकडे त्यांचं जाणं-येणं. मांडीवर धरून आणलं मला रिक्षातून, लहान मूल आणावं तसं.

मी आलो तो चिमीसाठी. चिमी चार वर्षांची. ऐकू सगळं येतं, कळतं सगळं, कपाटातली खाऊची बरणी बरोबर सापडते. पण बोलत नव्हती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा वाजता बोलायला शिकवणाऱ्या बाई माझ्या पडद्यावर येणार होत्या. घरात ठरलं होतं, सहा महिने हे कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचं नाही.

"एकदा लोक मुकी म्हणाले ना, की ते नाव जन्मभर चिकटतं," चिमीची आई म्हणाली. तिला सगळ्याचीच काळजी. गॅस बंद केलाय ना हे ती तीनदा बघते, आणि मग बाहेर पडून चौथ्यांदा परत येते.

माझी तर तिला भीतीच वाटायची. एकदा चिमीने कीबोर्डवर दोन्ही हात आपटले आणि पडद्यावरचं सगळं उलटं झालं. डोकं खाली, पाय वर. अकराला पाच कमी. चिमीच्या आईने काय करावं? माझा पडदाच उचलला आणि दोन उशांच्या मध्ये उलटा उभा केला! बाई सरळ दिसायला लागल्या. अर्धा तास तसाच वर्ग झाला. कॅमेरा पडद्याच्या वरच्या कडेला, तो आता खाली गेलेला, त्यामुळे बाईंना या दोघी उलट्या दिसत होत्या. त्या बिचाऱ्या मान वाकडी करून शिकवत राहिल्या.

दुपारी तिने नणंदेला फोन केला. नणंद म्हणजे चिमीची आत्या, दुसऱ्या गावी राहते, ऑफिसात कॉम्प्युटरवरच काम करते.

"उशांमध्ये?" आत्या हसून हसून बेजार झाली. "अगं बाई, उद्या फ्रीज बिघडला तर त्याला पांघरूण घालशील!"

"हसा तुम्ही, ताई. इथे माझा जीव जातोय."

"बरं, नाही हसत. मी सांगते तसं कर."

तिने एक प्रोग्राम टाकायला लावला. तो उघडला की पडद्यावर नऊ आकडे यायचे. ते फोनवर वाचून दाखवायचे, की तिकडे बसल्या बसल्या आत्या मला चालवायची. पहिल्यांदा बाण आपोआप हलला तेव्हा चिमीच्या आईने शॉक बसल्यासारखा हात मागे घेतला. चिमी मात्र खूश. ती बोट लावून बाणाच्या मागे पळायची.

त्यानंतर काहीही अडलं की ताई. पासवर्ड घेत नाही, ताई. चित्र अडकतंय, ताई. आत्या कधी वैतागली नाही, हे खरं सांगायला हवं. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून ती मला दुरुस्त करायची. वर्गाचं मात्र चिमीच्या आईने तिला सांगितलं नव्हतं. "टीव्हीसारखं बघते हो चिमी, गाणी वगैरे," असं म्हणायची.

चिमीचा सराव माझ्या कॅमेऱ्यात भरून ठेवायचा असायचा, बाईंना दाखवायला. कागदाची पट्टी ओठांसमोर धरायची, फुंकर मारायची, आणि मग म्हणायचं, 'पा'. चिमीच्या तोंडून यायचं 'फ्हं', कधी नुसतीच हवा. एकदा मात्र ओठ नीट मिटले, आणि 'प' आला. अर्धा. आईने तिला उचलून घेतलं आणि रडली. रडता रडता म्हणाली, "पोटात होतीस तेव्हा माझंच काही चुकलं का गं?" कॅमेरा चालूच होता. तेही भरलं गेलं. ते पुसायचं कसं ते तिला ठाऊक नव्हतं.

मग तो सोमवार. माझा आवाज गेला. तिने नऊ आकडे वाचले, बाण हलायला लागला. तेवढ्यात गॅसवरचं दूध वर आलं.

"ताई, तुम्ही करा हं. मी आलेच."

आवाज एका मिनिटात आला. बाण थांबला. मला वाटलं, आता जाईल. गेला नाही. हळूच खाली सरकला. 'चिमी' नावाच्या फोल्डरवर येऊन उभा राहिला.

मी काय करणार होतो? मला नाही म्हणता येत नाही. ज्याच्या हातात बाण, त्याला मी सगळं उघडून देतो. तिने तो व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. रडण्याचा भाग दोनदा. मग त्याची एक प्रत तिच्याकडे गेली. मीच नेऊन दिली.

दूध उतरवून ही हात पुसत आली. "झालं का हो?"

"झालं. मस्त येतोय आवाज."

"तुम्ही आहात म्हणून निभावतंय माझं, ताई."

"अगं, आपल्या माणसांत कसले आभार!"

गुरुवारी सासूबाईंचा फोन आला. मग चुलतसासूबाईंचा. मग मावसदिरांचा. नातेवाइकांच्या ग्रुपवर तो व्हिडिओ फिरत होता. कुणी औषध सुचवत होतं, कुणी जिभेखालची शीर कापा म्हणत होतं. एकाने चिमीसारखं 'फ्हं, फ्हं' करून आवाज पाठवला, आणि मागे चार-पाच जणांचं हसू. तो आवाज लागला तेव्हा चिमी फोनजवळच बसली होती. तिने ऐकलं. हळूच ओठ आत घेतले आणि दातांखाली धरले.

चिमीची आई फोन ठेवून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तो व्हिडिओ माझ्याशिवाय कुठेच नव्हता. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, त्या नजरेने माझ्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं.

आत्याचं म्हणणं, "मी चांगल्यासाठीच केलं. दहा माणसांना कळलं तर दहा उपाय निघतील. एकटी किती दिवस लपवणार होती ती?" तिने वाईट चिंतलेलं नव्हतं, असं चिमीचे बाबा म्हणतात. असेलही. पण विचारलं नाही ना! तो एक फोन तिने केला नाही.

चिमी त्या दिवसापासून माझ्यासमोर तोंड उघडेना. बाई आल्या की ती पाठ करून बसायची. पट्टी हातात दिली की फाडायची. बाई म्हणाल्या, "थोडे दिवस तिला बोल म्हणू नका. नुसतं बसू द्या."

तो प्रोग्राम काढायचा कसा हे चिमीच्या आईला माहीत नव्हतं, आणि विचारणार कुणाला? म्हणून ती वर्ग संपला की माझ्या सगळ्या वायरी उपटून ठेवायला लागली. कॅमेऱ्याला जखमेची पट्टी. वरून टॉवेल.

परवाच्या शुक्रवारी तिने वायरी लावल्या आणि आवाजच नाही. अकराला वीस कमी. तिने नवऱ्याला फोन केला, आणि त्यांनी बहिणीला. लगेच ताईंचा फोन.

"अगं, किती दिवस रुसणार? नंबर सांग, दोन मिनिटांत करते."

बोटांनी सवयीने प्रोग्राम उघडलाच होता, पडद्यावर नऊ आकडे आले होते. तिने ते बघितले.

"तोंडी सांगा, ताई. हात मी लावते."

"तोंडी काय सांगू? कुठे काय आहे ते बघितल्याशिवाय..."

"बघायला नाही मिळणार."

"एवढाही विश्वास नाही का गं माझ्यावर?"

"होता की. नऊच्या नऊ आकडे होता."

 मग आत्या हळू आवाजात म्हणाली, "मागे बघ. स्पीकरची हिरवी पिन हिरव्याच भोकात आहे का?"

ती टेबलाखाली शिरली. हिरवी पिन गुलाबी भोकात गेली होती. तिच्याच हातून, घाबरून केलेल्या दर वेळच्या उपटाउपटीत. तिने ती काढून नीट लावली.

"आला आवाज. ठेवते."

एवढंच बोलली. आभार नाहीत, भांडणही नाही.

मदत मागू नका, असं मी कशाला सांगू? अडल्यावर माणसाने माणसालाच विचारायचं. पण दुसऱ्याच्या हाती मला देऊन उठू नका. दूध उतू जायचं तर जाऊ द्या. मला 'नको' म्हणता येत नाही, ते तुम्हालाच म्हणावं लागतं.

त्या दिवशीही वर्गभर चिमी पाठ करून बसली. बाई गेल्या. आईने कॅमेऱ्यावर पट्टी लावली, टॉवेल टाकला, आणि वायरी काढायला खाली वाकली. टॉवेलाच्या पलीकडे कुणीतरी जवळ येऊन उभं राहिलं. टॉवेलाची कड फुंकरीने हलली.

"पा."

मग पुन्हा, जरा मोठ्याने, "पा!"

आई वायर हातात धरून तशीच बसून राहिली. तिने फोन हातात घेतला नाही. कॅमेऱ्यावरची पट्टी काढली नाही. मी ऐकलं, आणि कुठेही साठवून ठेवलं नाही.