आधी केसभर आवळ

मित्रांनो, मी एक जुना, गंजलेला बोल्ट आहे. नवा होतो तेव्हा स्वतःची ओळख छाती फुगवून सांगितली असती. आज मान खाली घालून सांगतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझं अंग निळसर चमकत होतं. एका छोट्या मोटारीच्या इंजिनात मला कोपऱ्यातली जागा मिळाली. इंजिनाचं वरचं झाकण, ज्याला गॅरेजमध्ये हेड म्हणतात, ते खालच्या धडाशी घट्ट धरून ठेवायचं, हे आम्हा भावंडांचं काम. गाडी एका नर्सबाईंची होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्या जखमा धुवायच्या, सुया टोचायच्या. त्यांची वाट पाहणाऱ्यांना आमच्या इंजिनाचा आवाज लांबूनच ओळखू यायचा.

एकदा हेड उघडावं लागलं आणि गाडी मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये गेली. मिस्त्रींचा हात म्हणजे पोलाद. पान्याला ते हातभर लांबीचा पाइप जोडायचे आणि सगळा भार टाकून आवळायचे. बोल्टाला तेलाचं बोट लावणं त्यांना मान्य नव्हतं. "तेल लावलं की ढिला पडतो," असं त्यांचं ठाम मत. मला आवळून झाल्यावर हात पुसत ते नर्सबाईंना म्हणाले, "मी आवळलेला बोल्ट कुणाच्या बापाला सुटायचा नाही."

मला केवढा अभिमान वाटला होता. न सुटणं म्हणजेच मोठेपण, असं मी धरून चाललो.

माझ्या डोक्यावरून पाण्याची रबरी नळी जात होती. ती झिरपू लागली. गंज पाहुण्यासारखा येतो आणि घरजावयासारखा राहतो. माझी चमक गेली, खपल्या धरल्या. तरी मी मनात म्हणायचो, मी घट्ट आहे ना, मग झालं.

अखेर हेड आणि धड यांच्यामधली, पाणी-वाफ अडवणारी पट्टी फाटली आणि गाडी रस्त्यात वाफ सोडत उभी राहिली. नर्सबाई ती ढकलत गॅरेजमध्ये घेऊन आल्या. आता तिथलं काम मिस्त्रींची लेक बघत होती. मिस्त्री दाराशी स्टुलावर बसून असायचे.

"हे हेड आता कुठे मिळत नाही, बाई," लेक म्हणाली. "बोल्ट आत तुटला किंवा हेड तडकलं, तर गाडी भंगारात."

"माझी माणसं वाट बघतायत गं," नर्सबाई म्हणाल्या. "पायी किती घरं होणार?"

माझी भावंडं कुरकुरत का होईना, सुटली. मी हललो नाही. मिस्त्रींना राहवेना. "सरक, मी बघतो," म्हणत ते उठले. घाईत हाताला आला तो पाना घेतला, जरा सैल बसणारा, आणि पाइप जोडून जोर लावला. पाना सटकला. माझ्या डोक्याचे कोपरे गोल झाले आणि मिस्त्रींची बोटं सोलवटली.

"लोखंडच खोटं," मिस्त्री पुटपुटले.

नर्सबाई त्यांच्या बोटांना पट्टी बांधू लागल्या. "मिस्त्री, तुम्हीच म्हणाला होतात ना, कुणाच्या बापाला सुटायचा नाही म्हणून?"

"इथं माझ्या बापालाच सुटेना," लेक बोलून गेली.

नर्सबाई हसल्या. मिस्त्री हसले नाहीत. पट्टीकडे बघत राहिले. लेकीने जीभ चावली, पण शब्द सुटला तो सुटलाच. त्या क्षणी मला भोकाच्या तळाशी जाऊन लपावंसं वाटलं. ज्या घट्टपणाचा मी तोरा मिरवला, त्यानेच माझ्या मिस्त्रींना खाली बघायला लावलं होतं.

लेक कामाला लागली. कानशीने माझ्या बाजू घासून सरळ केल्या, लहान मापाचा पाना ठोकून बसवला. माझं डोकं तापवून कडेला मेणबत्ती टेकवली, तसं वितळलेलं मेण आत झिरपलं. मग तिने हातोडी पुढे केली.

"बाबा, तुम्ही ठोका. माझा हात जड पडतो."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. टक, टक, टक. इतके हलके ठोके त्या हाताचे मी कधी अनुभवले नव्हते. लेक पाना उलटा फिरवणार, इतक्यात ते हळूच म्हणाले, "थांब. आधी केसभर आवळ."

"अजून?"

"केसभरच. गंजाची पकड मोडते. मग सोड. परत आवळ, परत सोड. ओढू नकोस."

मी कुरकुरलो. मग एक आटा सुटला, मग दुसरा. लाल भुकटी सांडत मी अखंड बाहेर आलो.

"सुटला बाई एकदाचा," नर्सबाई म्हणाल्या आणि पिशवी घेऊन पायीच पुढच्या घराकडे निघाल्या. गाडी दोन दिवसांनी मिळणार होती.

माझ्या जागी नवा बोल्ट बसवताना मिस्त्रींनी पट्टी बांधलेलं बोट तेलात बुडवलं आणि त्याच्या आट्यांवरून फिरवलं. लेकीने ते पाहिलं. तिने पाइप उचलून खिडकीच्या फळीला टेकू म्हणून लावला.

मी आता त्याच खिडकीत पडून असतो. मित्रांनो, काहीही घट्ट बसवाल, तेव्हा तेलाचं एक बोट लावा. पुढे कधीतरी ते कुणालातरी सोडवावं लागतं, आणि बहुतेक वेळा सोडवणारं आपल्याच घरचं माणूस असतं.