दुसरी सही

माझ्या नवऱ्यानं म्हशी भादरायचं मशीन विकत आणलं, त्या दिवशी मी ठरवलं की आता या माणसाच्या पैशाला कुलूप घालायचं. आमच्याकडे म्हैस नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती मावणारही नाही. पण दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून मिरवतात, त्याआधी त्यांचे केस काढतात, आणि गंगावेशीत कुणीतरी सम्राटला सांगितलं की या धंद्यात चार दिवसांत वीस हजार सुटतात. साडेअकरा हजारांचं मशीन घरात आलं. चार दिवसांत त्याच्या हाताला एकच म्हैस लागली आणि तिनं लाथ घातली.

सम्राट वाईट माणूस नाही. दारू नाही, तंबाखू नाही. शिरोलीच्या एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे, कामाला वाघ. फक्त वस्तू विकणारा समोर उभा राहून ‘दादा, तुमच्यासारख्याला शोभंल’ म्हणाला की याची अक्कल चरायला जाते. मग दादा खिशातून मोबाईल काढतात, स्कॅन करतात आणि घरी येऊन माझ्यासमोर मान खाली घालून उभे राहतात.

आणि मला गाळा हवा होता. मी बत्तीस जणांचे डबे करते, तेही अशा स्वयंपाकघरात, जिथं पोळी लाटताना माझं कोपर फ्रिजला लागतं. टाकाळ्याजवळ पिराजीकाकांचा एक गाळा रिकामा होता. पुढं चार टेबलं, मागं प्रशस्त ओटा. काका म्हणाले, “पोरी, गुढीपाडव्यापातूर थांबतो. लाख रुपये डिपॉझिट. त्येच्याफुडं एक दिस न्हाय.” याआधी मी दोनदा पैसे साठवले होते. पहिल्यांदा त्या पैशांची सम्राटनं माशांची टाकी केली, दुसऱ्यांदा उसाच्या गाड्यातली भागीदारी.

आमच्या गल्लीतल्या पतसंस्थेत राजवर्धन म्हणून मॅनेजर आहे. त्यानं तोडगा सांगितला. सम्राट आणि आणखी कुणीतरी, अशा दोघांच्या नावानं खातं काढायचं, दोघांच्या सह्या असल्याशिवाय एक रुपया हलणार नाही. कार्ड नाही, मोबाईलवर काही नाही. पगार झाला की बारा हजार तिकडं टाकायचे आणि विसरून जायचं.

दुसरी सही माझीच का नाही लावली, असं कुणीही विचारेल. खरं सांगते, मी चिडते फार, पण माझं चिडणं टिकत नाही. सम्राट गुडघ्यावर हनुवटी ठेवून गप्प बसला की संध्याकाळपर्यंत मी विरघळते. त्या म्हशीच्या मशीनचे अर्धे पैसे मीच दिले होते. हे मी अजून माहेरी सांगितलेलं नाही.

तेव्हा विरघळणार नाही असं माणूस हवं होतं, आणि तसं माणूस घरातच होतं. तानाबाई, म्हणजे सम्राटची आत्या. हातकणंगल्याला एकट्या राहतात. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या आणि त्यांच्या हातून पाच मार्क जास्त मिळालेला विद्यार्थी अजून जन्मायचा आहे. सगळी भावकी त्यांना टरकून असते. आम्हीही वर्षाकाठी एकदा, जत्रेला, तोंड दाखवून यायचो आणि बाहेर पडलो की सुटकेचा श्वास सोडायचो.

खातं काढायला त्या स्वतः आल्या. राजवर्धनची त्यांनी तोंडी परीक्षाच घेतली.

“ह्यानं एकट्यानं येऊन गोड बोलून मागितलं तर देशीला?”

“नाही मावशी.”

“रडला तर?”

“तरी नाही मावशी.”

“मावशी न्हाय, बाई म्हण. कुठं सही करू?”

त्यांनी एकच अट घातली. पैसे काढायची स्लिप घेऊन समोर यायचं, मागच्या बाजूला कारण लिहायचं, आणि पटलं तर सही. फोनवर काही नाही.

पहिल्याच रविवारी सम्राट दोन हजारांची स्लिप घेऊन गेला. कारण, गाडीचा टायर. आत्यांनी चष्मा लावला, अंगणात येऊन उकिडव्या बसल्या, टायरच्या खाचेत रुपयाचं नाणं उभं करून बघितलं. “ह्यो टायर अजून पावसाळा काढतोय,” म्हणाल्या. स्लिपवर लाल पेनानं लिहिलं, ‘नामंजूर’. खाली तारीख आणि सही. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी शेजारी बासुंदी वाटली.

पुढच्या रविवारी पंचावन्न इंची टीव्ही. आत्या म्हणाल्या, “तुझं डोळं किती इंचाचं हाईत?” नामंजूर. त्याच्या पुढच्या रविवारी मित्राच्या बैलगाडी शर्यतीची वर्गणी. “बैल तुझा हाय?” “न्हाय.” “गाडी तुझी हाय?” “न्हाय.” “मग पळणार कोण, तू?” नामंजूर.

खर्च अजिबात होत नव्हता असं मात्र नाही. आत्याच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं? म्हणून हा कधी डझनभर केळी न्यायचा, कधी पावशेर पेढे, कधी संत्री. जेवल्याशिवाय त्या सोडायच्या नाहीत आणि परत येताना पिशवीत वांगी, मेथी, दोन-चार कांदे कोंबायच्या. मी हिशेब केला. महिन्यात बारा हजार वाचवायला सहाशेची केळी गेली होती. हा सौदा मला परवडत होता.

मग माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. सम्राट मार खायला जाणाऱ्या पोरासारखा जायचा, तो आता शनिवारी रात्रीच शर्टाला इस्त्री करायला लागला. एका रविवारी स्लिप बघितली तर कारण लिहिलं होतं, ‘घोडा’.

“घोडा?” मी ओरडले. “कुठं बांधणार?”

“अगं, ती देणार हाय व्हय?” तो शांतपणे म्हणाला. “पण कायतरी लिव्हाय पायजे की. आज आत्तीनं तांबडा-पांढरा रस्सा केलाय.”

म्हणजे हा माणूस नकार आणायला जात होता आणि मटण खाऊन येत होता. मी हसून हसून खाली बसले. दोन-तीनदा मीही गेले. आत्या मला माझ्या डाळीच्या फोडणीतल्या चुका सांगायच्या, अगदी चूक क्रमांक एक, चूक क्रमांक दोन करून. मी मनातल्या मनात दात-ओठ खायचे आणि दुसऱ्या दिवशी तशीच फोडणी द्यायचे. डबेवाले म्हणायला लागले, वहिनी, डाळ सुधारली.

दिवाळीचा बोनस, माझी भिशी आणि दरमहा बारा हजार असं करत फाल्गुनात खात्यावर एक लाख दोन हजार जमले. गुढीपाडवा मंगळवारी होता. आदल्या रविवारी आम्ही दोघं लाखाची स्लिप घेऊन निघालो. मी नवी साडी नेसले होते. माझ्या लग्नातसुद्धा मी एवढी खुश नव्हते, आणि हे मी सम्राटला गाडीवरच सांगून टाकलं.

आत्यांनी स्लिप घेतली, चष्मा लावला आणि मला खुर्चीत बसवलं. सम्राटला उभंच ठेवलं.

“भाडं किती?”

“नऊ हजार.”

“पाणी?”

“नळाचं हाय, टाकीबी हाय.”

“परवाना?”

“अर्ज दिलाय. पावती आणलीया.”

“चार टेबलांवर जेवायला येणार कोण?”

“बत्तीसातलं वीस जण आत्ताच म्हणत्यात, तिथं येऊन गरम खातो म्हणून. त्यांची नावं लिहून आणलीत.”

अर्धा तास त्यांनी मला खोदून खोदून विचारलं. एकही उत्तर चुकलं नाही. आत स्टोव्हवर मटण शिजत होतं, वास अंगणापर्यंत आला होता, आणि मी मनात म्हणत होते, झालं, आता सही. आत्यांनी पेन उघडलं. ते लाल होतं.

‘नामंजूर.’

मला आधी वाटलं, सवयीनं लिहिलं असेल. “आत्या, हा गाळा हाय. घोडा न्हवं,” मी म्हणाले.

“वाचता येतंय मला. कारण असमाधानकारक.”

“काय कमी हाय त्यात?”

“मी सांगितलं न्हवं, न्हाय म्हणून.”

मग माझा तोल गेला. सासरच्या वडीलधाऱ्या बाईसमोर आवाज चढवायचा नसतो हे मला माहीत आहे, पण पाच महिने मी पहाटे चारला उठले होते. “पैसं आमचं हाईत!” मी ओरडले. “माझी भिशी हाय त्यात, ह्यांचा बोनस हाय. ह्यांना रोखायला तुमाला बसवलं, मला रोखायला न्हाय! परवा पाडवा. पिराजीकाका दुसऱ्याला देतील. मग काय, जन्मभर फ्रिजला कोपर घासत बसू?”

सम्राट भिंतीला चिकटला. आत्या उठून आत गेल्या, पातेल्यावरचं झाकण काढलं, पुन्हा ठेवलं. मग कपाटातून एक वही आणून त्यांनी माझ्या मांडीवर टाकली.

प्रत्येक पानावर एक स्लिप चिकटवलेली होती. टायर, टीव्ही, बैलगाडी, घोडा. शेजारी तारीख, आणि त्याखाली त्यांच्या वळणदार अक्षरात काय काय नोंदलेलं. ‘सम्राट दोन भाकरी जास्त जेवला.’ माझ्याबद्दलही, ‘अनुजा आली होती. हिरवी साडी.’ ‘पाऊस म्हणून थांबला, पाचला गेला.’

“गेल्या तीन वर्सांत तीनदा आलतासा,” आत्या म्हणाल्या. “ह्या पाच म्हैन्यांत एकोणीस येळा. मोजल्यात मी. आज सही केली की पैसं निघालं, खातं मिटलं. मग कशाला येतासा हातकणंगल्याला? केळी द्यायला?”

मला लाज वाटली. अगदी अंगभर लाज वाटली. आम्ही या बाईला कुलूप म्हणून वापरलं होतं आणि कुलपाला आतून काही वाटत असेल हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. पण राग गेला नव्हता. माझा गाळा त्या लाल शाईखाली पडला होता आणि मला तो हवाच होता.

“आत्ती, मी दर आईतवारी येतो,” सम्राट पुढं होऊन म्हणाला. “शप्पत.”

“तुझी शप्पत? तू शपता घेत असतोस, मग दुकानदार भेटतोय.”

त्यात खोटं काही नव्हतं. आत्यांना तोंडी काही पटत नव्हतं, जे असेल ते समोर लिहून आणलेलं लागत होतं. मी पिशवीतून कोरी स्लिप काढली. ती हातात धरून बराच वेळ बसले. जे सुचलं होतं ते मला मुळीच आवडलं नव्हतं. मी उधळी नाही, मला कुलपाची गरज नाही, असं मी सगळ्यांना आजवर ऐकवत आले होते.

“खातं मिटवायचं न्हाय,” मी म्हणाले. “माझ्या गाळ्याची कमाई ह्याच खात्यात पडंल. दुसरी सही तुमचीच.”

सम्राट माझ्याकडे बघतच राहिला. म्हशीनं लाथ घातली तेव्हासुद्धा त्याचं तोंड एवढं उघडलं नव्हतं.

आत्यांनी डोळे बारीक केले. “सगळी?”

“निम्मी. मला भाजी रोज आणायला लागती.”

“पाऊण.”

“आत्या, गॅस, तेल, भाडं... निम्मी. आणि किराण्याचं बिल काढायला मी सोता यीन.”

“किराण्याचं बिल म्हैन्याला एकदा असतंय.”

“मी आठवड्याला भरंन.”

त्यांनी मग डोळ्याला पदर लावला, लावल्यावर स्टोव्हच्या धुराला एक शिवी दिली, आणि आतून निळं पेन घेऊन आल्या. लाखाची नवी स्लिप मी भरली. त्यांनी मागचं कारण दोनदा वाचलं, ‘गाळा’ शब्दाखाली रेघ ओढली आणि सही केली. मग मला मटणाची वाटी देताना म्हणाल्या, “आवाज चढवलास त्येचं पाच मार्क वजा.”

पाडव्याला गाळ्याची किल्ली माझ्या हातात आली. पहिले पंधरा दिवस मला मान वर करायला फुरसत नव्हती. वीस म्हणाले होते, अठ्ठावीस आले. निम्मी कमाई मी शब्दाप्रमाणे पतसंस्थेत टाकली. किराण्याचं बिल गल्ल्यातल्या पैशातूनच भागलं, हातकणंगल्याला जायचं कारणच उरलं नाही. दोन रविवार असेच गेले. सम्राट एकटा जाऊन आला, सोफ्याचं नामंजूर घेऊन.

तिसऱ्या रविवारी मी दुपारी गाळ्याचं शटर खाली ओढलं, बाहेर ‘आज बंद’ लिहिलं आणि एसटीत बसले. अंगणात आत्या वांगी तोडत होत्या. त्यांनी हात पुढं केला. मी पाचशेची स्लिप दिली.

त्यांनी ती उलटी केली. मागची बाजू कोरी होती.

“कारण?”

“काय न्हाय. अशीच आले.”

आत्या पायरीवर टेकल्या. केसात खोचलेलं लाल पेन काढलं, गुडघ्यावर स्लिप ठेवून सावकाश ‘नामंजूर’ लिहिलं, तारीख घातली, सही केली. मग ती माझ्या हातात परत न देता वहीत ठेवायला आत घेऊन गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, “हात-पाय धू. भाकरी टाकतोय.”