खुर्च्या आणि गाद्यांचा पत्ता

वडिलांच्या पश्चात कारखान्याची वाटणी जिन्यावरून झाली. खाली दादा खुर्च्या घडवायचा, वर धाकटी बहीण त्यांच्या गाद्या शिवायची. दोघांचं कधी वाजलं नव्हतं. वाजलं ते वेबसाइटवरून.

वेबसाइट धाकटीनेच बनवली होती, शिलाई मशीनशेजारी कापडाचे तुकडे सारून, जमेल तसं शिकत. खुर्च्यांचं एक पान, गाद्यांचं एक. पण गिऱ्हाइकं खुर्च्या बघायची आणि तिथूनच पसार व्हायची. गाद्यांकडे कुणी ढुंकून बघेना. एका दुपारी तिने रागाच्या भरात खुर्च्यांच्या पानात चार ओळी घुसवल्या. पान उघडलं की त्याने आधी वरच्या पट्टीतला स्वतःचा पत्ता वाचायचा. त्यात 'खुर्च्या' दिसलं की ते पुसून 'गाद्या' लिहायचं. पत्ता बदलला की ब्राउझर बिचारा मुकाट्याने तिकडे जातो. खुर्च्या बघायच्याच असतील तर लोक फोन करतील, अशी तिने मनाची समजूत घातली.

दादाच्या काही लक्षात आलं नाही. वहिनीच्या आलं. वहिनी शाळेत कॉम्प्युटर शिकवायची आणि वेबसाइटचा पासवर्ड घरात सगळ्यांना पाठ होता. ती नणंदेला चकार शब्द बोलली नाही. दुसऱ्याच्या लिखाणाला हात लावणं तिला प्रशस्त वाटेना, म्हणून तिने धाकटीच्या ओळी तशाच ठेवल्या आणि गाद्यांच्या पानात आपल्या चार ओळी लिहिल्या, बरोबर उलट्या. मग ती निवांत पेपर तपासायला बसली.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा न्हावी एप्रनसकट कारखान्यात येऊन थडकला.

"अहो, मला दुकानात खुर्च्या हव्यात, आणि तुमची साइट माझ्याकडे बघून डोळे मिचकावतेय!"

त्याने फोन पुढे केला. वरच्या पट्टीत पत्ता नुसता उड्या मारत होता. खुर्च्या, गाद्या, खुर्च्या, गाद्या. एकही चित्र धड उमटत नव्हतं.

धाकटीने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने छताकडे.

"तुम्ही उलटं लिहिलंत?"

"आधी सुलटं कुणी लिहिलं?"

आणि दोघी अशा खुसुखुसू हसायला लागल्या की न्हाव्याला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटलं. दादाला मात्र सगळं दोनदा समजावून सांगावं लागलं.

"अगं, मला सांगायचं ना," तो म्हणाला.

"सांगून काय झालं असतं?" धाकटीचं हसू मावळलं. "तू म्हणाला असतास, गादी काय, कुणीही शिवतं."

दादाने हातातला पॉलिश पेपर उगाच उलटसुलट केला. तो एकदा तसं म्हणाला होता, तेही गिऱ्हाइकासमोर. "चुकलंच माझं," तो पुटपुटला आणि न्हाव्याला बसायला स्टूल दिलं.

त्या संध्याकाळी नणंद-भावजय एकाच लॅपटॉपपुढे बसल्या. पान तेच ठेवून नुसती पत्त्याची शेपटी बदलता येते, हे वहिनीला ठाऊक होतं. म्हणून दोन पानांचं एकच पान केलं. मधोमध खुर्ची, तिच्यावर गादी. लाकडाचा रंग निवडा, कापड निवडा. पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे तुमची निवड लिहिली जाते. तो पत्ता कुणाला पाठवला, तर कोड ती शेपटी वाचून तीच खुर्ची, त्याच गादीसकट, समोर मांडतो.

पहिला पत्ता न्हाव्याकडून आला. दादाने उघडला आणि त्याचा चेहरा पडला. पोपटी खुर्ची, जांभळी गादी, वर नारिंगी पट्टे.

"अशी खुर्ची या हातांनी करू?"

"तू पाय कर, मी पट्टे करते," धाकटी म्हणाली. "डोळे मिटून केलं तरी चालेल."

खुर्च्या झाल्या. पोचत्याही झाल्या. काही दिवसांनी न्हाव्याचा पुन्हा फोन आला, तो वहिनीने घेतला.

"नंबर आला तरी लोक उठत नाहीत हो! इतकं मऊ कशाला करायचं?"

"थांबा हं, गादीवालीलाच देते," वहिनी म्हणाली आणि जिन्याखालून तिने नणंदेला जोरात हाक मारली.