अक्रोडाच्या दस्त्याची रायफल

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. खुंटीवर टांगलेली असते. मला हात लावायला तुम्हाला कुणी देणार नाही, आणि तेच बरं आहे. लांबून ऐका.

माझा जन्म पठाणी मुलखातल्या दर्रा बाजारातला. तिथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना बंदुका घडवणाऱ्यांची दुकानं आहेत आणि दिवसभर कुणी ना कुणी गच्चीवर जाऊन नवा माल आकाशात झाडून बघत असतो. उस्ताद शिनगुल यांनी मला कानशीने घासून घासून घडवलं. माझ्या पोटात एक दट्ट्या आहे. गोळी सुटली की तिच्याच जोराने तो मागे सरकतो आणि पुढची गोळी आपसूक जागेवर येते. घोडा मात्र दर वेळी माणसालाच ओढावा लागतो. या दट्ट्यावर उस्तादांचा फार जीव होता. शेजारच्या दुकानदाराला ते ऐकवायचे, "बघ कसा सरकतो! तुझ्या मालासारखा खोकत नाही."

मला बनवून घेणारा यारमस्त खान. डोंगरापलीकडच्या खोऱ्यात त्याचं घर. त्याचा नेम कधी चुकत नाही, अशी ख्याती होती, आणि ती पसरवण्यात त्याचा स्वतःचा वाटा मोठा होता. एके दिवशी तो गाढवावर अक्रोडाचा ओंडका लादून दुकानात आला.

"उस्ताद, हिचा दस्ता याच लाकडाचा हवा."

उस्तादांनी ओंडक्यावरून हात फिरवला, वास घेतला. "अरे, हे तर ओलं आहे! परवा तोडलंस की काय? दोन-तीन वर्षं सावलीत वाळायला हवं. आत्ता बसवलं तर वाळता वाळता पिळेल आणि नळीलाही ओढेल. मग तू मारशील कुठे आणि लागेल कुठे!"

"हात माझा आहे ना, उस्ताद? मग झालं तर."

"हाताचं मला नको सांगूस. मी लाकडाबद्दल बोलतोय."

पण यारमस्त हटून बसला. तो अक्रोड त्याच्या आणि त्याच्या चुलतभावाच्या, तोरबाजच्या, शेताच्या बांधावर उभा होता. आजोबांनी लावलेला. फळं कुणाची यावरून दोन्ही घरांत अबोला होता. शेवटी यारमस्तने झाडच तोडलं आणि तोरबाजच्या डोळ्यांत खुपावं म्हणून त्याचा दस्ता करायला घातला. उस्तादांनी कुरकुरत तो बसवला. "हिवाळा संपायच्या आत घेऊन ये. कोरड्या लाकडाचा बदलून देतो," असं त्यांनी बजावलं होतं. यारमस्त परत गेलाच नाही.

सुरुवातीचे दिवस माझ्या कौतुकाचे होते. चहाला आलेला पाहुणा माझ्यावरून हात फिरवल्याशिवाय उठत नसे. पागोट्याच्या तुऱ्यासारखी मिरवायचा मला यारमस्त; झाडायचा मात्र क्वचितच. आतून मात्र माझं लाकूड पिळत होतं. मला कळत होतं, पण आम्हा वस्तूंना तोंड कुठलं?

पुढे जिरगा, म्हणजे वडीलधाऱ्यांची पंचायत, बसला. गावचा प्रमुख असलेल्या पांढऱ्या दाढीच्या मलिकने दोन्ही घरांची समजूत काढली आणि सोयरीक ठरली. तोरबाजची बहीण पलवशा यारमस्तच्या धाकट्या भावाला, जमरोजला द्यायची. जमरोज गरीब स्वभावाचा, मधमाश्या पाळणारा मुलगा. तो दिवसभर शीळ घालत हिंडू लागला.

त्या खोऱ्यात एक रीत आहे. वरात आली की नवरीकडचे समोरच्या उतारावर खडकात अंडं मांडतात. नवऱ्याकडच्यांनी ते गोळीने फोडल्याशिवाय नवरी डोलीत बसत नाही. हिवाळा सरता सरता लग्नाला निघताना आईने यारमस्तला म्हटलं, "आज तरी ती बंदूक घरी ठेव रे. दुसरी घे. त्यांच्या जखमेवर मीठ कशाला?"

"अदे," तो आईला म्हणाला, "तू डोलीचं बघ. बंदुकीचं मी बघतो."

उतारावर तोरबाजचा धाकटा भाऊ मीरजान बसला होता. अंडं फुटलं की त्याने रुमाल हलवायचा. लोक खालून ओरडले, "मीरजान, दगडाआड हो!"

तो हसला. "यारमस्त लालाच मारणार आहेत ना? मग दगडाआड कशाला? दुसरा कुणी असता तर मी गावाबाहेरच पळालो असतो!"

सगळे हसले. यारमस्तने मला खांद्याला लावलं आणि घोडा ओढला. अंडं जागच्या जागी राहिलं. मीरजान डावीकडे बसला होता, तो तसाच आडवा झाला. रुमाल त्याच्या हातातच राहिला.

ढोल थांबले. आणि माझ्या पोटात दुसरी गोळी जागेवर येऊन बसली होती.

तिसऱ्या दिवशी जिरगा पुन्हा बसला. उस्ताद शिनगुल मुद्दाम आले होते. त्यांनी मला डोळ्यासमोर आडवं धरलं आणि सगळ्यांना दाखवलं. "हा दस्ता पिळलाय. ओलं लाकूड होतं. बसवलं मी, तो दोष माझ्या माथी मारा. पण या पोराने ठरवून मारलेलं नाही."

मलिक म्हणाला, "यारमस्त, नेम चुकला, एवढंच म्हण. माफीचं बकरं घेऊन तोरबाजच्या दारात जाऊ. पुढचं मी बघतो."

तोरबाजचे डोळे सुजले होते. तो उठून यारमस्तच्या समोर येऊन बसला.

"म्हण ना! चुकला म्हण! मी माझ्या आईला जाऊन सांगतो. सूड घे म्हणून घरात बायका मला सुखाने जेवू देत नाहीत रे. तुला कळतंय का, तू नाही म्हणालास तर मला काय करावं लागेल?"

यारमस्तने सभोवार पाहिलं. सारं खोरं तिथे बसलं होतं. त्याच्या नेमाच्या गोष्टी सांगणारे सगळे. तो म्हणाला, "उस्ताद म्हातारे झालेत. बंदूक ठीक आहे. आणि माझा नेम कधी चुकत नाही."

जमरोज मागे उभा होता. त्याने थोरल्या भावाला कळवळून हाक मारली, "लाला!" यारमस्तने मान वळवली नाही.

जर्दाळू फुलले तेव्हा जमरोजला मधाच्या पोळ्यांपाशी गोळी लागली. भावाला भाऊ. तोरबाजने हिशेब पुरा केला आणि म्हणतात, घरी येऊन तो ढसाढसा रडला. पलवशाच्या हातावरची मेंदीही पुरती उतरली नव्हती.

तेव्हापासून मी खुंटीवर आहे. यारमस्तची दाढी पांढरी झाली. तो दर शुक्रवारी मला खाली उतरवतो, पुसतो, तेल घालतो. एकदा पुसता पुसता त्याचा हात थांबला. माझ्या दस्त्याला कपाळ टेकवून तो हलकेच म्हणाला, "चुकला होता गं. नेम चुकला होता."

दारात त्याची म्हातारी आई उभी होती. "मला कशाला ऐकवतोस?" ती म्हणाली. "ज्याला ऐकायचं होतं त्याला आपण पुरून आलो."

मित्रांनो, माझ्या जातीच्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आमची निगा राखा. मी म्हणते, मला गंजू द्या. मला तेल घालणारा हात मी ओळखते, तो अजून पुढच्या सुडाला घाबरतो. माझ्या पोटात एका गोळीच्या जोराने दुसरी आपोआप जागेवर येते. तसं मला घडवलंय, माझा इलाज नाही. पण घोडा दर वेळी माणसालाच ओढावा लागतो. आणि "चुकलो" हा शब्दही माणसालाच उच्चारावा लागतो, ऐकणारा जिवंत आहे तोवर.