न हललेल्या क्षणाचे माप

मी एक जुने सोनोग्राफी यंत्र आहे. मित्रांनो, माझा आवाज तुम्हाला ऐकू येत नाही. तो आईच्या पोटात जातो, बाळाला लागून परत येतो आणि माझ्या पडद्यावर चित्र होतो.

कारखान्यातून मी एका प्रसूतिगृहात आलो. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजारी बाळं सगळेच तपासतात. मला निरोगी बाळं मोजायची आहेत. नेहमीचं काय असतं हेच ठाऊक नसेल, तर वेगळं काय ते कळणार कसं?"

मग दर चार आठवड्यांनी त्याच आया येऊ लागल्या. आम्ही बाळांचे मूत्रपिंड मोजायचो. विसाव्या आठवड्यात ते जेमतेम दोन सेंटिमीटर भरे, घेवड्याच्या दाण्याएवढे. तरी ते कामाला लागलेले असे. खालची इवलीशी लघवीची पिशवी भरताना आणि रिकामी होताना पाहून मी थक्क होई. कुणी शिकवले असेल त्याला?

त्या आयांमध्ये एक शिंपीणबाई होत्या. बाळ सारखे हलत होते, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "माप देताना गिऱ्हाईक हललं तर मी दटावते. याला कोण दटावणार?"

अठ्ठाविसाव्या आठवड्यात मात्र त्यांच्या बाळाचे डावे मूत्रपिंड एकवीस मिलिमीटरच भरले. बाकीच्या बाळांचे या वेळी अठ्ठावीसच्या आसपास भरत असे. डॉक्टरबाईंचा हात थांबला. शिंपीणबाईंच्या ते लगेच ध्यानात आले.

"काही वाईट आहे का? सरळ सांगा."

"ताई, मला अजून माहीत नाही. बाळ आडवंतिडवं बसलंय, मूत्रपिंडाची टोकं नीट दिसत नाहीत. व्हरांड्यात थोड्या फेऱ्या मारून या."

अर्ध्या तासाने त्या परतल्या. चेहरा उतरलेला होता. बाळ कूस बदलून क्षणभर निवांत झाले आणि मूत्रपिंड या टोकापासून त्या टोकापर्यंत उजळले. अठ्ठावीस. पुन्हा मोजले, अठ्ठावीस. तिसऱ्यांदाही तेच. शिंपीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. डॉक्टरबाईंनी आकडा लिहिला, पण बराच वेळ त्या पडद्याकडेच पाहत राहिल्या. मीही.

अशा चारशे बाळांच्या मापांतून कोणत्या आठवड्यात मूत्रपिंड केवढे असते, याचा एक तक्ता तयार झाला. आता दूरदूरचे डॉक्टर तो उघडून घाबरलेल्या आईला सांगतात, "तुमच्या बाळाची वाढ बरोबर आहे." कधी वाढ कमी दिसली, तर उपचारही वेळेवर सुरू होतात.

पुढे नवे यंत्र आले आणि मला शिकाऊ डॉक्टरांच्या सरावाच्या खोलीत हलवले. माझी वायर चाकाखाली चेंगरली. चित्रात एक काळी रेघ कायमची आली. शिकणारे घाईत असतात. पोटावर लावायचा चिकट लेप माझ्यावरून पुसायचा राहतो, कधी पहिल्याच आकड्यावर माप संपते.

मित्रांनो, मला पुसा, वायर जपून गुंडाळा. आणि माप घ्याल तेव्हा थोडे थांबा. आत जो कुणी आहे, त्याला अजून "नीट बघा" असे म्हणता येत नाही.